वही, चावी आणि गोटुल: बिनसरपंचाची ग्रामसभा चालवू बघणाऱ्यांसाठी

तुमच्या टोल्याची (छोट्या वस्तीची) स्वतःची ग्रामसभा बसवायची असं ठरलंय आणि "तू शिकली आहेस, तू लिही" म्हणत कुणीतरी वही तुमच्यापुढे सरकवली आहे, असं धरून लिहिते. माझ्यापुढे ती अशीच सरकली होती. मी या गावची सून, बारावी पास. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या आमच्या ६२ घरांच्या गावात तेव्हा तेवढं शिक्षण पुष्कळ होतं. त्याला नऊ वर्षं झाली. त्यातली पहिली चार वर्षं मी ज्या चुका केल्या, त्या तुम्ही करू नयेत म्हणून हा खटाटोप.

आमच्यासारख्या गावांना धीर आला तो आमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखामुळे. शंभरेक घरांचं गोंड गाव. इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध १९८४च्या सुमाराला 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उठलं, त्यात हे गाव जागं झालं. पुढे 'मावा नाटे मावा राज', म्हणजे आमच्या गावात आमचं राज्य, ही घोषणा तिथून सगळीकडे गेली. २००९ साली मेंढ्याला १,८०० हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१३ मध्ये गावाने १९६४च्या ग्रामदान कायद्याखाली जमीनही गावाच्या नावे करायचं ठरवलं. कसणारा कसतोच, पण विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी निघतो.

बघायला येणारे बांबू बघून, गावचे नेते देवाजी तोफांसोबत फोटो काढून परत जातात. बघण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: तिथे मत टाकून निर्णय होत नाही. सगळ्यांची सहमती होईपर्यंत ठराव थांबतो.

ऐकायला हे फार गोड वाटतं. करायला घेतलं की कळतं, कुणी मोठा नाही असं ठरवलं म्हणून मोठेपणा गावाबाहेर जात नाही. वही, चावी, शिक्का आणि रेंज असलेला मोबाइल ज्या घरात एकत्र येतात, त्या घरात सरपंच तयार होतो. त्याला निवडणूक लागत नाही. आमच्याकडे तो सरपंच मीच झाले होते.

सुरुवातीला काय लागतं

- शंभर पानी शिवलेल्या दोन मोठ्या वह्या. एक ठरावांची, एक हजेरीची. सुट्टी पानं किंवा स्पायरलची वही नको, त्यातलं पान निघालेलं कळत नाही.
- पावतीपुस्तक, क्रमांक छापलेलं.
- शाईचा पॅड (अंगठ्यांसाठी), दोन पेन. शाई पसरणारं पेन पावसाळ्यात कामाचं नाही.
- दोन कुलपं बसतील अशी पत्र्याची पेटी.
- गावातल्या सगळ्या प्रौढांची यादी, घरागणिक. मतदारयादीवरून उतरवली तरी चालते, पण नुकतीच आलेली सून आणि अठरा पूर्ण झालेलं पोरगं तिच्यात नसतं.
- गावाच्या हद्दीचा नकाशा आणि वनविभागाचे कक्ष क्रमांक. हे लगेच मिळत नाही. आजच अर्ज टाका.

शिक्का आणि लेटरहेड नंतर बघू. उत्साहाच्या भरात लोक पहिल्यांदा तेच छापतात.

१. आपलं 'गाव' म्हणजे कोणतं, ते आधी नक्की करा

ग्रामपंचायतीची ग्रामसभा आणि आपल्या टोल्याची ग्रामसभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या ग्रामपंचायतीत पाच गावं. पंधरा ऑगस्टला मोठ्या गावात सभा व्हायची, आमचे चार लोक सह्या करून परत यायचे. पेसा, म्हणजे आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठीचा १९९६चा केंद्राचा कायदा, आणि राज्याचे २०१४चे नियम यांच्यामुळे अनुसूचित क्षेत्रातला पाडा, टोला, वस्ती स्वतःला गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकते. आपल्या टोल्याच्या लोकांनी ठराव करायचा आणि उपविभागीय अधिकाऱ्याकडे द्यायचा. सोबत ठरावाची प्रत, घरांची यादी आणि हाताने काढलेला का होईना, हद्दीचा नकाशा.

इथे दोन घोटाळे होतात. पहिला, पेसा सगळीकडे नाही. महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे, आणि त्या जिल्ह्यांतही सगळी गावं त्यात येत नाहीत. गोंदियातल्या आमच्या एका पाहुण्याने वर्षभर पेसाखाली अर्ज केले, जिल्हाच यादीत नव्हता. वन हक्क कायदा (२००६) मात्र सगळीकडे लागू आहे, त्यामुळे त्यांचंही काम थांबत नाही, रस्ता बदलतो. दुसरा घोटाळा म्हणजे मोठ्या गावाला वाटतं, हे फुटून निघाले. ठराव करायच्या आधी तिथल्या दोन जाणत्यांकडे जाऊन चहा पिऊन या. आम्ही गेलो नाही, म्हणून आमच्या रस्त्याचं काम दोन वर्षं मागे पडलं.

२. सभेची वेळ मोहाला विचारून ठरवा

मार्च-एप्रिलमध्ये सकाळी सभा ठेवणारा माणूस कधी मोहाची फुलं वेचायला गेलेला नसतो. मे महिन्यात सगळे तेंदूपत्त्याला. जुलैत रोवणी. म्हणून आम्ही ठरवलं की महिन्याला एक सभा, ठरलेल्या तारखेला, संध्याकाळचा स्वयंपाक उरकल्यावर, गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक बैठकीच्या घरात. तारीख ठरलेली असली की बोलावणं कुणाच्या हातात राहत नाही. "मला कळवलंच नाही" हे भांडणही संपतं.

दारू पिऊन आलेल्याला घरी पाठवायचं, त्याचं मत त्या दिवशी धरायचं नाही. जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे, पण मोहाची घरोघरी असते हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

बायका येतात आणि मागे बसतात. शहरातून येणारे म्हणतात, आदिवासी गावात उच्च-नीच नसतं, सगळे समान. असं म्हणणाऱ्यांनी आमच्या गावात महिनाभर राहून बघावं. गायता आहे, भूमिया आहे (परंपरेने आलेले गावप्रमुख-पुजारी), त्यांच्या घराण्यांचा मान आहे. पाळीच्या दिवसांत बायकांना बाहेर बसवणारं कुर्माघर आहे. सभेत सासऱ्यासमोर सून तोंड उघडत नाही. ही उतरंड कागदावरच्या समतेने जात नाही, तिला बगल द्यायला युक्त्या लागतात. आमची युक्ती: सभेच्या आदल्या दिवशी दुपारी बायकांची वेगळी बैठक, बोअरिंगजवळच्या चिंचेखाली. तिथे विषय आधी बोलून होतात, आणि सभेत तिघीजणी मिळून सगळ्यांचं सांगतात. एकटीने बोललं की ती तोंडाळ ठरते. तिघी बोलल्या की तो बायकांचा निरोप होतो.

३. सहमती: हे नीट समजून घ्या, बाकी सगळं यावर उभं आहे

कायदा तुम्हाला सहमतीची सक्ती करत नाही. वन हक्काच्या नियमांत हजर असलेल्यांच्या साध्या बहुमताची सोय आहे. सहमती हा आपण निवडलेला जास्त कष्टाचा रस्ता आहे. ६२ घरांत ४० विरुद्ध २२ असा निकाल लागला, तर त्या बावीस घरांसोबत उद्या पुन्हा त्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं.

माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. बांबू विकायचा पहिला ठराव होता. मी वाचून दाखवला आणि विचारलं, "कुणाची हरकत?" कुणी बोललं नाही. मी लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर'. तीन आठवड्यांनी ट्रक आला तेव्हा आमच्या वाड्यातले एक आबाजी रस्त्यावर आडवं लाकूड टाकून बसले होते. पेनठाण्याजवळची, म्हणजे देवाच्या जागेजवळची, बांबूची बेटं तोडायची नाहीत, म्हणाले.

"आबाजी, सभेत तर तुम्ही होते."

"होतो ना. पण मले कोणी इचारलं?"

"सगळ्यांनाच विचारलं की."

"सगळ्याले इचारलं. मले कोणी इचारलं?"

ट्रक रिकामा परत गेला, त्याचं भाडं आम्ही भरलं. गप्प बसणं म्हणजे हो नव्हे, हे शिकायची ती फी होती. तेव्हापासून आम्ही घरागणिक नाव घेऊन विचारतो, एका घरातून किमान एक पुरुष आणि एक बाई. उत्तरं तीनच. 'चालते.' 'माझं मन नाही, पण अडवत नाही.' 'थांबा.'

दुसरं उत्तर फार कामाचं आहे, ते वगळू नका. आमच्याकडचे निम्मे ठराव त्याच्यावर चालतात. माणसाला हरायचं नसतं, नोंदवून ठेवायचं असतं.

'थांबा' म्हटलं की ठराव पुढच्या महिन्यावर. मध्ये दोन-तीन जणांनी त्या माणसाच्या घरी जाऊन बसायचं. सभेत सांगता येत नाही असं काहीतरी असतंच, बहुतेक वेळा जुनं बांधाचं भांडण. एक अट मात्र घाला: थांबा म्हणणाऱ्याने पुढच्या सभेत 'मग काय करायचं' तेही सांगायचं. ही अट नव्हती तेव्हा एकाने चार महिने तेंदूचा ठराव अडवून धरला होता. नंतर कळलं, एका ठेकेदाराने त्याला मोटरसायकलचा हप्ता भरून दिला होता. अट घातल्यावर त्याला पर्याय सांगता आला नाही, आणि तो आपणच 'अडवत नाही'वर आला.

सगळ्यालाच सभा लागते असंही नाही. वणवा लागला, सापाने चावलं, मोटर जळली, यासाठी सभा कशाला? कुणी किती रुपयांपर्यंत न विचारता खर्च करायचा, याची यादी पहिल्याच वर्षी करून भिंतीवर लावा.

सहमतीने गाव किती लांब जाऊ शकतं ते बघायचं तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव बघा. २०१२ मध्ये त्यांना हजारेक हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. तेंदूत हातात रोख पैसा असतो. तरी त्या गावाने तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण पानासाठी झाडं छाटली जातात आणि आगी लावल्या जातात. बांबूवर भागवायचं ठरलं. असा निर्णय बहुमताने घेतला असता तर पहिल्याच उन्हाळ्यात मोडला असता, असं माझं मत.

४. अभ्यास गट वेगळा, सभा वेगळी

ही मेंढ्याची पद्धत, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथल्या लोकांसोबत बसून रुजवलेली. सभेत निर्णय होतात. अभ्यास गटात फक्त समजून घेणं होतं, तिथे ठराव करायचा नाही. ज्याला यायचं तो येतो, बाहेरचा शिक्षक, वकील, कुणीही. आमच्याकडे शुक्रवारी सात-आठ जण बसतात. वन हक्क कायद्याचं मराठी पुस्तक आम्ही पानापानाने असंच वाचलं, वर्ष लागलं.

दोन्ही मिसळलं की बाहेरचा शिकलेला माणूस सभेत बोलतो आणि गाव मान डोलावतं. सभेत बाहेरच्याने विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम संस्थावाल्यांनाही लावा, आवडत्यांनाही.

५. वही कशी लिहायची

पहिल्या दिवशी सगळ्या पानांना क्रमांक घाला आणि शेवटच्या पानावर 'या वहीत इतकी पानं आहेत' असं लिहून पाच जणांच्या सह्या घ्या. पुढे:

- तारीख, जागा, सुरू झाल्याची वेळ. हजर पुरुष इतके, बाया इतक्या. वन हक्काच्या विषयाला निम्मे प्रौढ हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. दावे मंजूर करायचे असतील तर दावेदारांपैकीही निम्मे हवेत.
- एक विषय, एक ठराव, एक क्रमांक.
- ठरावात कोण करणार, कधीपर्यंत, किती रुपये. "यावर कार्यवाही करण्यात यावी" असलं सरकारी वाक्य लिहाल तर ते काम कधीच होणार नाही.
- 'थांबा' आणि 'मन नाही' म्हणणाऱ्यांची नावं, कारणासकट.
- उरलेल्या ओळीवर तिरकी रेघ.
- उठायच्या आधी सगळं मोठ्याने वाचायचं, मग सह्या-अंगठे.

सर्वांत वाईट सवय म्हणजे कोरम भरायला आधी सह्या घेऊन ठेवणं आणि वर नंतर लिहिणं. कुणी म्हणेल, कामाची घाई आहे, कर्मचारी खाली थांबले आहेत, नुसत्या सह्या द्या. देऊ नका. शेजारच्या एका गावाचं असं कोरं पान खाणीच्या नाहरकतीला लागलं आणि ते निस्तरायला त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

कार्यालयात दिलेल्या प्रत्येक कागदाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर तारखेची पोच घ्या. पोच नाही तर कागद दिलाच नाही असं समजा. "साहेब नाहीत, ठेवून जा" म्हणाले तर आवक विभागात द्या, नाहीतर पोस्टाने रजिस्टर करा.

६. चावी फिरती ठेवा

चौथ्या वर्षी सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी मी १८ दिवस नागपूरला होते. पेटीची चावी माझ्या कमरेला. पेटीत वही, पासबुक, शिक्का, बांबू तोडणाऱ्यांच्या मजुरीचा हिशोब. गावात कुणाकडेही दुसरी चावी नव्हती आणि कुणाला सुचलंही नाही की कुलूप तोडावं. परत आले तेव्हा लोक रागावतील असं वाटलं होतं. कुणी रागावलं नाही. "बाई आली, आता पैसे भेटतीन," म्हणाले. एका घरी मजुरीअभावी तांदूळ उसने आणले होते, आणि ती बाई मलाच पाणी देत होती. सरपंच यापेक्षा वेगळा काय असतो?

त्यानंतर पेटीला दोन कुलपं लागली, चाव्या दोन मोहल्ल्यांत. शिक्का तिसऱ्या घरी. बँकेत तीन सह्यांपैकी दोन लागतात, त्यात एक बाई हवीच. लिहिणारा दर वर्षी बदलतो, आणि जुना तीन महिने नव्याशेजारी बसतो. नवा माणूस चुका करतो, अक्षर खराब असतं, विषय राहून जातो. चालवून घ्या. "तीच चांगलं लिहिते, तिलाच राहू द्या" हे वाक्य फार प्रेमाने येतं आणि तेच घातक. मला ते सलग तीन वर्षं ऐकायला आवडलं, हेही कबूल करते.

फोनचं विसरू नका. अधिकारी एकाच नंबरवर फोन करतात आणि तोच माणूस त्यांच्या लेखी ग्रामसभा होतो. अर्जावर तीन नंबर लिहा. फोनवर कुणालाही 'हो' म्हणायचं नाही, "सभेत विचारून सांगतो" एवढंच.

७. जंगलाचा दावा

हे प्रकरण मोठं आहे, मुख्य टप्पे सांगते.

सभेत वन हक्क समिती निवडा: १० ते १५ जण, किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे, किमान एक तृतीयांश बाया. निस्तार (जळण, चराई असा गावाचा रोजचा वापर), गौण वनोपज वगैरेंचा सामूहिक दावा एक, आणि परंपरेने राखलेल्या जंगलाच्या रक्षण-व्यवस्थापनाचा, कायद्याच्या कलम ३(१)(झ)चा, दुसरा. २०१२च्या दुरुस्तीपासून या दुसऱ्याला वेगळा नमुना आहे. पुष्कळ गावं पहिलाच भरतात आणि हक्क मिळाला म्हणून पेढे वाटतात. जंगल राखायचा अधिकार दुसऱ्यात आहे.

पुरावे एकाहून जास्त प्रकारचे लागतात:

- निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज (गावाच्या जुन्या वापर-हक्कांच्या नोंदी; विदर्भातल्या गावांना हे तहसील किंवा भूमी अभिलेखात मिळतं)
- वनविभागाचे जुने नकाशे, कार्य आयोजना, जनगणनेच्या नोंदी
- दावेदार नसलेल्या म्हाताऱ्यांचे जबाब, लिहून घेतलेले
- जमिनीवरच्या खुणा: पेनठाणा, मसणवट, जुनी विहीर, गुरांची वाट, ओसाड पडलेल्या जुन्या गावठाणाचे चौथरे

शेवटचं सर्वांत बळकट, आणि ते दाखवणारी माणसं सत्तरीच्या पुढची असतात. त्यांना आधी फिरवा. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश घ्या, त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. आम्ही आधी नकाशे मिळवण्यात एक उन्हाळा घालवला, तेवढ्यात गायता आजोबा गेले.

मोजणीच्या दिवशी वन आणि महसूल दोघांनाही लेखी बोलवा. ते आले नाहीत तर तसं लिहून पडताळणी पूर्ण करा. पुढे 'आम्ही नव्हतो' म्हणून हरकत आली तर फेरपडताळणी लागू शकते. दुसऱ्यांदाही ते गैरहजर राहिले तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम, असं नियम सांगतो. हा नियम पाठ करून जा, समोरच्याला बहुतेक वेळा ठाऊक नसतो.

शेजारच्या गावाशी हद्द मोजणीच्या दिवशी ठरवायला जाऊ नका. दोन्ही समित्यांनी आधी एकत्र बसायचं असतं. आम्ही आमच्या शेजाऱ्यांसोबत तीन दिवस जंगलात चाललो, एका नाल्यावर अडलो, शेवटी तो नाला दोघांचा असं लिहिलं.

उपविभागीय समितीच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. हक्कपत्र हाती आल्यावर आनंदाने सही ठोकण्याआधी तीन गोष्टी वाचा: नाव ग्रामसभेचं आहे की कुठल्या जुन्या संयुक्त वन समितीचं, क्षेत्र मागितलं तेवढं आहे का, आणि खाली बारीक अक्षरात कायद्यात नसलेल्या अटी घातल्या आहेत का. आमच्या पत्रात क्षेत्र कमी होतं. दुरुस्तीला १४ महिने लागले.

८. पैसा आला की

तोवर सगळं भावाभावांसारखं चालतं. ग्रामसभेच्या नावाने बँक खातं आणि पॅन आधी काढून ठेवा; पॅन नसेल तर कर जास्त दराने कापला जातो.

तेंदूचा हिशोब असा: ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. प्रत्येक घराला कार्ड द्या, फळीवर (पानं जमा करायच्या जागी) रोजचा आकडा कार्डावर आणि वहीवर दोन्हीकडे चढवा, संध्याकाळीच. दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. ठेकेदाराशी करार स्टॅम्पपेपरवर करा, अनामत आधी घ्या. आणि हे ठळक अक्षरात समजा: पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय गोदामातून गोणी हलू द्यायची नाही. "अर्धे आता, बाकी दिवाळीला" असं म्हणणारा आमच्याकडे आला होता. ती दिवाळी अजून आलेली नाही.

तेंदू आणि बांबू हे गौण वनोपज आहेत, आणि त्यांचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देऊ शकते. परवाना पुस्तक क्रमांकाचं, स्थळप्रत ठेवणारं. कोरा परवाना सही करून कुणाला देऊ नका, स्वतःच्या दिरालाही नाही.

मजुरी आधी, ग्रामकोष नंतर, इमारत सगळ्यात शेवटी. दर सभेत शिल्लक मोठ्याने वाचायची, शेवटच्या शंभर रुपयांपर्यंत. कुणी ऐकत नाही, सगळे तंबाखू मळत असतात. तरी वाचायची. ज्या महिन्यात वाचली नाही, त्याच महिन्यात कुजबूज सुरू झाली.

९. नियम मोडणारा आपलाच असतो

चोरून बांबू तोडताना पहिला पकडला गेला तो गायत्यांचा पुतण्या. दंड त्याच्या तोंडावर ठरवला असता तर माणूस बघून ठरला असता. म्हणून दंडाचे आकडे आधीच, कुणी पकडलं गेलेलं नसताना ठरवून ठेवा. आमच्याकडे दंड रोखीत कमी आणि कामात जास्त असतो: दोन दिवस वणवा अडवणारी जाळरेषा साफ करायची, सगळ्यांसोबत. वाळीत टाकणं ही शिक्षा नाही, ते सरळ नाकारा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे आणि तो ग्रामसभेलाही लागू होतो. मारहाण, बायकांवरचे अत्याचार, मुलांचे विषय गावात मिटवायचे नाहीत, ते पोलिसांकडे गेले पाहिजेत. यावरून माझं आणि गावातल्या तीन मोठ्या माणसांचं बोलणं वर्षभर बंद होतं.

१०. शेजारी जोडा

एकट्या ग्रामसभेला ठेकेदार भाव देत नाही. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. आम्ही अकरा गावं मिळून तेंदूची निविदा काढतो. एकत्र येताना वरच्या सभेला निर्णयाचा अधिकार देऊ नका. तिथे निरोप न्यायचा, निरोप आणायचा, आणि 'थांबा' म्हणायचा हक्क प्रत्येक गावाकडे ठेवायचा. नाहीतर खालचा सरपंच घालवून वर एक मोठा बसवल्यासारखं होईल.

आता शिक्क्याचं. शिक्का करायला टाकताना गावाचं नाव महसूल नोंदीत जसं आहे अगदी तसंच घाला, ते चुकीचं वाटलं तरी. आमच्या गावाच्या नावात नोंदीत ऱ्हस्व वेलांटी आहे, आम्ही हौसेने दीर्घ केली. बँकेने खातं परत पाठवलं, पॅन पुन्हा काढावं लागलं. तो दीर्घ वेलांटीचा शिक्का अजून पेटीत आहे. पोरं त्याने शाळेच्या वहीवर ठसे उमटवतात.